चौदा वाव

पहिला नांगर मी शापोऱ्याच्या पाण्यात टाकला
गेल्या बुधवारी, भरतीला,
अगदी रीतसर: नाळेवरून, सावकाश, दोर हातातून सोडत.
दोर जात राहिला,
जात राहिला,
मग त्याचं दुसरं टोकही
माझ्या पायाजवळून, ओळख न दाखवता,
निघून गेलं.

पेडण्याच्या मामलतदार कचेरीत एकतीस वर्षं
मी फायलींना नाडी बांधली.
एकही फाईल सुटली नव्हती.

होडी मोरजीच्या वाळूवर मिळाली.
तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं.
जेटीवर जाळं सांधत बसलेली शेवंती आरोंदेकर
हसली नाही, एवढंच म्हणाली:
"आदीं शेंपडी बांद. मागीर उडय."

म्हणून आज म्हापसा. उसगांवकरांचं दुकान,
ग्रीसचा वास, छतापर्यंत दोरांची रिळं.
निळा दोर स्वस्त, हलका, पाण्यावर तरंगतो,
तरंगतो म्हणूनच नको:
रात्री परतणाऱ्या ट्रॉलरच्या पंख्यात जायचा.
काथ्या हातात घेतला, नाकाशी नेला,
बराच वेळ तसाच धरला, परत ठेवला.
तो आतून कुजतो
आणि बाहेर कळू देत नाही.
शेवटी पांढरा नायलॉन, तीन पेडांचा,
करंगळीहून जाड, अंगठ्याहून बारीक.
धक्का बसला की लांबतो थोडा,
मग येतो जागेवर. कुरकुर नाही.

"किती देऊ?"
पाणी भरतीला दोन वाव, त्याच्या सातपट.
"चौदा वाव."
पोरगा मीटरपट्टी घेऊन उभा. "वाव म्हणजे?"
मी दोन्ही हात पसरले.
भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या मधोमध,
साठी उलटलेला माणूस
मिठी मारायला निघाल्यासारखा,
आणि समोर कुणी नाही.
असा चौदा वेळा.
गाठींसाठी आणखी एकदा.

दोर आखूड असला तर नांगर सरळ वर ओढला जातो,
मुळ्यासारखा उपटून येतो.
लांब असला तर आडवा ताण बसतो,
आणि जितकं ओढावं तितका तो रुततो.
धरून ठेवायचं तर आधी वाव द्यावा लागतो,
शब्दातच होतं हे, मी वाचलं नाही.
मुलगा स्विंडनला आहे.
रोज रात्री फोन करायचो, जेवलास का.
आता रविवारी करतो.

दुपारभर पडवीत बसलो.
तिन्ही पेड उलगडले, लोखंडी डोळ्याभोवती वळवले,
एकाखालून, एकावरून, पाच फेरे,
दोनदा चुकलं, दोनदा सोडलं.
टोकं मेणबत्तीवर जाळून बंद केली, बोट भाजलं.
पुढे दीड वाव साखळी, म्हणजे नांगर तळाशी आडवा निजेल.
शेकलची पिन तारेने जखडली,
पिना आपणहून फिरतात म्हणे, लाटांच्या नादाने.
काठावर दोर घासतो तिथे
सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

आणि शेंपडी.
ती मी सगळ्यात आधी बांधली, बसायच्या फळीच्या कडीला.
शेवंतीने येऊन ओढून पाहिली.
"ही कसली गाठ?"
"सरकारी."
"सुटता?"
"एकतीस वर्षांत तरी नाही."
तिने कमरेची सुरी काढली, फळीखाली खोचली.
"हांगा आसूं."

संध्याकाळी नांगर टाकला.
साखळी खडखडत गेली, मग दोर, मी मोजत होतो,
नऊ, दहा,
अकराला छातीत धडधड,
चौदाला तो थांबला.
सुकती लागली होती.
होडी हळूच वळली, शिवोलीच्या पुलाकडे तोंड करून
उभी राहिली, थोडी मागे, थोडी पुढे.

खाली कुठेतरी पहिलाही आहे.
चिखलात घट्ट,
शेपूट प्रवाहात मोकळं,
आणि अजून
ओढ लागायची वाट बघत.