खिडकीचं वजन

फोनवर बाईंनी विचारलं, "किती दिवस फोडाल?"
मी म्हणालो, फोडत नाही, कापतो.
फोडणारे वेगळे. ते स्वस्तात येतात
आणि भिंतीला महिनोन्महिने आठवत राहतात.

हॅमिल्टन. पूर्वेकडची गल्ली, पोलाद कारखान्याच्या वाऱ्याखाली.
मार्च; अंगणातला बर्फ काळा पडलेला.
तळघराच्या भिंतीला लागून बाहेरून खड्डा खणून ठेवला होता,
नीट, कडा ताठ.
"ओरेस्टने," स्तेफानियाबाई म्हणाल्या. "माझा मुलगा. खाली राहतो."
बावन्न वर्षांचा. लग्न मोडून परत आलेला.
नगरपालिका म्हणते, खिडकी नसलेल्या खोलीला
झोपायची खोली म्हणता येत नाही.
तो तिथे चौदा महिने झोपत होता.
म्हणजे नक्की काय करत होता, ते नियमात नाही.

लुर्देसने भिंतीवर स्कॅनर फिरवला
(माझी मुलगी, शनिवारी येते, फीचे पैसे सुटतात).
पडद्यावर सळ्याच सळ्या, वीतभर अंतराने.
घराला एवढं लोखंड घालतं कोण?
"येव्हेन," बाई म्हणाल्या. "कारखान्यातलं भंगार, सायकलला बांधून.
त्याला वाटायचं, परत युद्ध येईल."

निळ्या पुडीची दोरी ताणली, चिमटीत धरून सोडली.
टप्.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात, ती ही नव्हे;
ही ओल्या फडक्याने जाते. ती पुढची.
म्हणून मी प्रत्येक घरात विचारतो, "इथेच ना?"
लोक गडबडतात. कुणी बायकोला हाक मारतं.
ओरेस्ट पलंगावर आडवा झाला,
उशीवर डोकं टेकून भिंतीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "वीतभर डावीकडे."
पुसली. पुन्हा मारली.

रूळ भिंतीला आवळला, पातं चढवलं, पाणी सोडलं.
हिऱ्याचं पातं म्हटलं की लोकांना अंगठी आठवते.
हे मिठाच्या खड्यांएवढे हिरे, झिजण्यासाठीच बसवलेले.
चिरेतून राखाडी ताक वाहू लागलं
आणि लुर्देस ते ओढून घेत राहिली, बाईंच्या वॉशिंग मशीनपासून दूर.

उजवा कान मी दोन हजार नऊ साली एका पार्किंगमध्ये ठेवून आलोय.
उरलेलं तळहाताने ऐकतो.
काँक्रीट गुरगुरतं. सळई लागली की आवाज दातांत चढतो.
चढला, उतरला, चढला,
आणि छातीच्या उंचीवर अचानक मऊ झाला,
जसा जिना संपलेला असताना पाय आणखी एक पायरी शोधतो.

पाणी बंद केलं. विजेरी धरली.
कापाच्या कडेला आडवी, वाकडीतिकडी शीव:
खाली करडं आणि घट्ट, वर पिवळसर, खडबडीत,
त्यात एक अख्खा गोटा, कुणी निवडून न काढलेला.
"ट्रक संपला होता," बाई जिन्यावरून म्हणाल्या.
"दुसरा मागवायला पैसे नव्हते. वरचं त्याने घमेल्यात कालवलं.
पाणी मी ओतत होते. जास्तच ओतलं.
सातवा महिना होता, वाकवत नव्हतं."
ओरेस्ट गोट्यावर बोट ठेवून उभा होता.
त्याला हे कुणी सांगितलं नसावं.

चार तुकडे केले. एकेक सव्वाशे किलोच्या वर.
साखळीने बाहेर ओढले, खड्ड्यातल्या फळ्यांवरून.
शेवटचा सुटला तेव्हा आधी वारा आला, मग उजेड,
आणि तो पलंगावर नाही पडला;
पडला न उघडलेल्या खोक्यांवर,
ज्यांवर मार्करने लिहिलं होतं: स्वयंपाकघर. पुस्तकं. इतर.

बाई बाहेरून फिरून आल्या होत्या.
चौकटीत फक्त त्यांचे रबरी बूट दिसत होते, वर जाड मोजे.
त्या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या,
माझ्या उजव्या बाजूने, म्हणजे मला काही नाही.
ओरेस्ट हसला वगैरे नाही.
हात वर करून त्याने दिव्याची साखळी ओढली
आणि दिवा मालवला.

बिलावर मी लिहिलं: एक चौकट, नव्वद बाय एकशे वीस.
काच दुसरे लोक बसवतात.