देवक

बॅलार्ड इस्टेटच्या तळघरात, दुपारी तीनला,
माझ्या टेबलावर येऊन पडतो
टॉर्कल मॅकइंड्रो, स्ट्रॅथ ऑर्गनचा सरदार,
चार घड्यांत दुमडलेला,
कसरीनं चाळण केलेला.
कुणा कापूस-दलालाच्या पेटीतून आला असेल मुंबईला,
पणजोबाचा रुबाब सोबत असावा म्हणून.

मी कागद सांधते. वाचायचं नसतं.
वाचते.

पहिली बायको वैऱ्याच्या घरची.
तीन पिढ्या एकमेकांची गुरं पळवली,
मग एका हिवाळ्यात दोन्हीकडचे म्हातारे दमले
आणि पोरगी दिली.
आंदण: साठ गाई, अर्धं बेट,
खोऱ्यातून जायची वाट.
ती बाळंतपणात गेली. वाट राहिली.
दुसरी विधवा, सखल मुलखातली, पैसेवाली;
कर्ज फिटलं त्या सालापासून
तिच्या नावाची शाई जरा ठळक.

मुली पाच.
प्यादी म्हणणार होते,
पण प्याद्याला निदान शेवटच्या घरात
वजीर तरी होता येतं.

समासात रंगवलेली एक डहाळी, जुनिपरची.
टोपीत खोचायची,
लढाईत आपला कोण ते कळावं म्हणून.
व्याह्यांची वेगळी, त्यांच्या व्याह्यांची आणखी वेगळी.
हे तर देवक! मोठ्यानंच म्हणाले मी,
शेजारच्या टेबलावरचा डिमेलो दचकला,
त्याची सुरी थोडी चुकली.

परळला बाबांचं वधूवर सूचक मंडळ होतं,
पिठाच्या गिरणीवर, एक खोली, दोन खुर्च्या.
वहीत रकाने: कुळी, देवक, पगार,
जागा स्वतःची की पागडीची.
दोन्हीकडे कळंब आला की लाल पेन्सिलीची फुली.
गावच्या विहिरीवरून सतरा वर्षं चाललेला दावा
मिटला तो चंपूआत्या त्या घरी दिल्यावर.
बाबांनीच जमवलं. पेढे वाटले.
आत्या चाळीस वर्षं त्याच विहिरीचं पाणी प्याली.
मचूळ आहे, एवढंच म्हणायची.

चौथ्या मुलीच्या नावावर भोक आहे.
कसरीनं नेमकं तेवढंच खाल्लं.
पहिलीपुढं जावयाचं नाव, दुसरीपुढं गढी,
तिसरीपुढं सालोसालचं मीठ,
पाचवीपुढं तहाची तारीख.
हिच्यापुढं एकच शब्द: गेली.
मेली की निघून गेली,
ते टॉर्कलला ठाऊक असणार.
लिहिणाऱ्यानं मुद्दाम विचारलं नसेल.

आमचा नियम असा,
भोक बुजवायचं, वर अक्षर काढायचं नाही.
गव्हाची खळ, जपानी कागदाचा तुकडा,
कडा ओल्या बोटानं फाडलेल्या, म्हणजे धागे धरतात.
वजन ठेवलं. डबा उघडला.
भेंडीची भाजी, गार.

उद्या लिलाववाल्याचा माणूस येईल न्यायला,
विचारेल, सगळं घराणं जुळलं ना?
जुळलं, म्हणेन, इथे सही करा.
दिवा मागून धरला
तर त्या एका जागी कागद
किंचित उजळ दिसतो.
ते त्याला दाखवणार नाही.