वीज काढलेलं पाणी

आठवीचा वर्ग आज ओढ्यावर.
हजेरीची वही खडकावर,
वहीवर एक खेकडा, त्याचीही हजेरी.

खिचडीचे आठ चमचे वाकवून
सायकलच्या चाकाला तारेनं आवळले,
एकाला अजून हळद होती.
डायनॅमो तन्मेशच्या चुलत्याचा,
‘उद्या परत पायजे’ या बोलीवर.

पहिल्यांदा चाक हललंच नाही.
दुसऱ्यांदा थोडं फिरून अडकलं. मुलं हसली,
मग मीही.
ईश्वरी संकपाळ म्हणाली,
बाई, इथं नको, तिथं धरा,
पाणी उडी मारतंय ना, तिथं.
दोन तासिका मी फळ्यावर जे खरडत होते
ते एवढंच होतं.

दिवा लागला.
दिवा म्हणजे मसुराचा दाणा.
बामणोलीच्या उन्हात दिसेना,
म्हणून माझ्या ओढणीखाली अठरा डोकी घुसली,
खोबरेल, घाम, चिखल,
आणि मधोमध तो दाणा, थरथरत.

वरच्या वाटेनं म्हशी घेऊन उतेकर आबा आले,
थांबले.
‘ईज काढून घेतल्यावं पान्यात ऱ्हातं काय? चोथा.
त्यानं पीक येत न्हाय.’
अठरा डोकी ओढणीतून बाहेर,
सगळी माझ्याकडे.

माझं उत्तर तयार होतं.
पण ईश्वरीनं चाकाच्या वरचं ओंजळभर प्यायलं,
मग खालचं.
‘चव तीच हाय.’
जरा थांबली.
‘पण खालचं दमलंय.’

मग आम्ही जांभळाची पानं सोडली,
घड्याळ लावलं.
चाक उचललं तेव्हा दहा हातांना सहा सेकंद,
चाक बसवलं तेव्हा नऊ.
आबांनी स्वतः मोजलं, त्यांच्या आकड्यांत.
पाण्यातलं काही गेलं नव्हतं,
फक्त धावणं गेलं होतं थोडं,
आणि ते ओढणीखाली लुकलुकत होतं.
आबा म्हणाले, ‘मंजी मी निम्मा बरोबर.’
मी म्हणाले, निम्मा.
म्हशी तोवर खालचं पाणी पिऊन मोकळ्या.

शनिवारी धक्क्यावर, लाटांचा धडा.
बाटलीत लोहचुंबक, बाहेर तांब्याच्या तारेचे तीनशे वेढे,
(मोजताना दोनदा भांडण झालेलं)
बाटली पाण्यावर, आम्ही लाँचची वाट बघत.
लाँच आली की लाट येईल,
लाट आली की चुंबक खाली-वर,
असं मी चार वेळा सांगितलं.
लाँच आलीच नाही. डिझेल संपलं म्हणे.
शिवसागर परातीतल्या पाण्यासारखा निवांत.

तेव्हा तन्मेश शर्ट काढून पळत आला
आणि धक्क्यावरून सपकन पोटावर आपटला.
पाणी उचललं गेलं, बाटली नाचली,
दिवा चमकला,
विझला,
चमकला.

वहीत प्रश्न दिला:
हा दिवा कशावर लागला?
सोळा जणांनी लिहिलं, लाटेवर.
एकानं, तन्मेशवर.
तन्मेशनं स्वतः लिहिलं, नाचणीच्या भाकरीवर,
पुढं कंसात, दोन.
मी लाल पेन उघडून बराच वेळ बसले.

डायनॅमो परत केला.
चुलता म्हणाला, ह्यो ओला कसा?