कस

पहिल्यांदा तीन बादल्या आल्या होत्या,
हिरवी, निळी, लाल,
एका संस्थेच्या टेंपोतून, फलकासकट.
फोटो निघाला. पेढे वाटले.
दिवाळीच्या सुट्टीआधीच
हिरवी चुना कालवायला गेली,
निळीला बूड राहिलं नाही,
लाल मात्र मी अजून बघायची येता-जाता
पंचायतीच्या नळाखाली,
इमानानं पाणी भरताना.

म्हणून दुसऱ्या खेपेला काही आणलं नाही.
निंगव्वाला विचारलं फक्त,
"रोज किती उरतं?"
तिनं डाव खाली ठेवला.
वीस वर्षं ती बेळगुंदीत दोन शाळांचं रांधते,
भिंतीअलीकडं मराठी, पलीकडं कन्नड,
पातेलं एकच.
किती शिजलं ते लिहून न्यायला माणसं यायची.
उरलेल्याचं तिला कुणीच विचारलं नव्हतं.

तिच्याच घरचा तराजू आला,
रताळी जोखायचा,
एका पारड्याला सुतळीची गाठ.
सोमवारी सहा किलो.
मंगळवारी साडेचार.
बुधवारी अकरा.
सांबार कडू होतं, की शेजारच्या गावची जत्रा
पोरांच्या पोटात अजून होती?
आम्ही मोठी माणसं कारणं काढत बसलो.
मुत्तुराज पलीकडच्या सातवीतला,
ताट घासता घासता म्हणाला,
"टीचर, पैलीतल्यांना पण तोच डाव.
पोट केवढं त्यांचं!"
दुसऱ्या दिवसापासून पैलीला लहान डाव,
मागेल त्याला आणखी.
पुढचा बुधवार चारवर आला.

त्या चाराचा खड्डा केला,
भिंत ढासळली आहे तिथं,
म्हणजे दोन्हीकडून हात पोचतील.
तांबडी माती, काजूची पानं, भात, पुन्हा माती.
वास सुटला.
कुत्री आली, माशा आल्या,
मग समितीचे सातेरी तरळे आले नाकाला टॉवेल लावून:
"पोरं शिकाय धाडतो मॅडम, उकिरडा कराय न्हवं."
खरंच होतं त्यांचं.
पानं कमी पडत होती, भात जास्त.
तरळ्यांच्याच गिरणीतून लाकडाचा भुसा मागितला.
दोन पोती आली. न बोलता.

मग पाटीचा प्रश्न निघाला.
आमच्याकडं पाटी म्हटलं
की मोठी माणसं घसा साफ करतात.
म्हणून मुलांनीच मधल्या सुट्टीत
पत्र्याच्या तुकड्यावर उरकून टाकलं.
मुत्तुराजनं त्याच्या लिपीत दोन अक्षरं काढली.
समृद्धी हलगेकर बोट ठेवून वाचायला लागली,
"क… स. कस?
मातीत कुठं आलाय रे कस अजून? सहा म्हयनं लागतात."
तो हसून लोळायचा बाकी.
"कस म्हंजे केर गे! कचरा!"
"आमच्यात कस म्हंजे मातीचा जोर."
मग दोघंही गप्प,
खड्ड्याकडं बघत.
तिनं खाली आपल्या लिपीत
तीच दोन अक्षरं लिहिली.
आजतागायत कुणी पुसलेली नाहीत.

माझी बदली झाली, रायबागेकडं.
निघताना वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली नाही.
तिथं तीन फलक आहेत आधीचे, गुंडाळलेले.
वही सहावीकडं दिली,
सातवीनं महिनाभर हात धरून
जोखायला शिकवल्यावर.

ऑगस्टात निंगव्वाचा फोन.
"बाई, वही संपली."
माझ्या पोटात गोळा.
"मग?"
"मग काय, नवी आणली मुत्तूच्या भैणीनं.
तुमचं नाव पहिल्या पानावर होतं न्हवं,
ते जुन्यातच ऱ्हायलं.
नव्यात लिवायचं का?"

नको म्हटलं.
बाहेर इथल्या शाळेची घंटा झाली,
पोरं ताटं वाजवत ओळीला लागली.
"आज किती उरलं, निंगव्वा?"
"दोन किलो. आनि ते बी
माझ्या हातनं मीठ जास्त पडलं म्हणून."