चावीवाला

बत्तीस वर्षं मी असल्फ्याच्या चढावर पाणी सोडलं.
पहाटे साडेचारला लोखंडी चावी खांद्यावर,
झाकण उचकटायचं, खड्ड्यात वाकायचं,
बेचाळीस आटे. चाळिसाव्यालाच
वर कुणाच्या तरी हंड्यात पहिला सुस्कारा यायचा.
दहा मिनिटं उशीर झाला तर
आईबहिणीवरून सगळ्या गल्ल्या जाग्या.
पाणी सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.

आता द्वारकेसाठी पाणी घट्ट करतो.

डब्यातली पावडर, डब्यातलाच चमचा,
वर आलेली रास सुरीच्या पाठीनं सपाट.
दोनशे मिलीला तीन.
ढवळत ढवळत टाकायची, एकदम नाही,
एकदम टाकली की गुठळ्या,
आणि गुठळी म्हणजे पुन्हा ठसका, पुन्हा राजावाडी.
पहिल्या दिवशी माझी खळ झाली.
नातू म्हणाला, आबा, ह्यानं पतंग चिकटवू.
मेडिकलचा छेडा डबा देताना
दर वेळी किंमत हळू आवाजात सांगतो,
जशी काही ती त्याचीच चूक.

परकार मॅडम, वय माझ्या धाकटीएवढं,
केसपेपरच्या मागे त्यांनी गळ्याचं चित्र काढलं.
दोन वाटा, एक अन्नाची, एक श्वासाची,
मध्ये एक पडदी, गिळताना झाकते.
काकूंची उशिरा झाकते, म्हणाल्या.
मी म्हटलं, व्हॉल्व्ह.
हो काका, व्हॉल्व्ह.
वॉशर बदलता येईल का, हे मी विचारलं नाही.
हनुवटी खाली. लहान घोट. परत एकदा गिळा.
आता आ म्हणा.
आवाज ओला आला तर थांबायचं.

ओला आवाज मला ओळखता येतो.
पाणी जायच्या वेळी नळ तसाच बोलतो,
आत हवा आणि पाणी भांडत असतात.

माझ्या आईचे टोमणे गिळले हिनं,
माझी दारूची चार वर्षं गिळली,
ठसका म्हणून कधी लागला नाही.

शनिवारी रात्री भांडं वाजलं.
उठून बघतो तर ओट्याशी ती,
चांगला हात तांब्यात मनगटापर्यंत,
आणि बोटं चोखत होती. एकेक.
पोरं काकवी चाटतात तशी.
मला बघून हात पदराला पुसला.
ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो.
रात्रभर तिच्या पाठीला कान लावून पडलो,
घरघर येते का ऐकत,
जसा पूर्वी सामसूम रस्त्याला कान लावून
गळती शोधायचो.

सकाळी तिच्या पेल्यातलं मी पहिल्यांदा पिऊन पाहिलं.
इतके दिवस पाजत होतो, पहिल्यांदा.
जिभेवर बसून राहतं, पाहुण्यासारखं.
गिळलं, तरी तहान होती तिथेच.
"कळलं?" ती म्हणाली.
"पाण्याला चव नसते, ते चालतं.
ह्याला चव नाही आणि हे पाणीपण नाही."

मग मॅडमना फोन केला, आणि आज
कोकमाचं आगळ काढलंय, चिमूटभर मीठ.
जिऱ्याला त्या नाही म्हणाल्या, कण अडकतो.
आंबट असलं की पावडर हट्टाला पेटते,
घट्ट व्हायला दुप्पट वेळ लावते.
मला थांबायची सवय नाही,
मी लोकांना थांबवणारा माणूस.

पाइपात हवा शिंकली.
"आलं," ती म्हणाली. कोरडा, स्वच्छ आवाज.
आता खड्ड्यात कुणी नवा पोरगा आहे,
आटे भराभरा फिरवतो, पाइप हादरतात.
मी बादली लावली,
काटाचमचा पेल्यात बुडवून वर धरला.
दातांमधून एक लाल थेंब
लोंबतो, लांबतो.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघतो.
"नाही पडत तो," ती म्हणते. "दे."