खबर देणारा

महालातल्या कचेरीत चौथ्यांदा गेले तेव्हा
गोंडाणेबाबू वर न पाहताच म्हणाले,
'काहून पायजे जी आता
शंभर वर्साआधी मेलेल्या मानसाचा दाखला?
इस्टेटीचं हाय काय?'

इस्टेट नाही. एक तिथी हवी आहे.
बाबांचा आजा, बकाराम गोदरू हेडाऊ,
राहणार पाचपावली, धंदा विणकाम.
मानमोडीच्या साथीत गेला, एवढंच घरात ठाऊक.
दिवस माहीत नाही, म्हणून दरसाल त्याचं पान
सर्वपित्रीला, तिथी नसलेल्यांच्या पंगतीत.
बाबा आता ब्याऐंशीचे.
म्हणतात, एकदा तरी त्याला त्याच्या दिवशी जेवू घालू.

मे महिना. कुलर नुसता वाफ फेकत होता.
लाल फडक्यातून रजिस्टर निघालं,
कडा वाळवीनं कुरतडलेल्या,
शाई उतरून चहाच्या डागासारखी झालेली.
नाव. बापाचं नाव. जात. वय. मरणाचं कारण.
कारणात ताप. त्याखाली ताप. त्याखाली तापच.
पुढल्या पानापासून कारकुनाने
लिहिणं सोडून नुसत्या रेघा ओढल्यात.

बोट ठेवून उतरत गेले.
मेलेल्यांत बकाराम नव्हता.
तो शेवटच्या रकान्यात होता.

अकरा ऑक्टोबर. तुळसा, वय सव्वीस, बाळंतीण.
खबर देणारा : बकाराम वल्द गोदरू.
तोच दिवस. मुलगी, नाव ठेवलेले नाही.
खबर देणारा : सदर.
तेराला फागो. चौदाला झिंगरू, आणि संध्याकाळी त्याचा भाऊ.
दर वेळी शेजारी अंगठा,
मधोमध एक आडवी चीर.
सुतानं कापलं असेल, की जन्मापासूनच होती,
हे सांगायला आता कोण आहे?

चौदा वेळा तो इथे आला.
पाचपावलीहून चालत, त्या तापाच्या दिवसांत,
अख्खी गल्ली एकेक करून
या रकान्यांत पोचती केली त्याने.

सव्वीस तारखेनंतर आमच्या गल्लीतून एकही नोंद नाही.
मरण थांबलं,
की खबर देणारा?

गोंडाणेबाबूंनी चष्मा काढून पुसला.
मग स्वतःच दोन पानं पुढे, दोन मागे चाळून पाहिली.
'नोंद आढळून येत नाही, असा दाखला भेटन.
वीस रुपये.'
मी दिले. पावती घेतली.

बाबा अंबील पीत बसले होते.
मोबाईलवर अंगठ्याचा फोटो दाखवला.
त्यांनी आपला अंगठा त्यावर टेकवून पाहिला,
फोटो सरकून गेला.
पुन्हा टेकवला. पुन्हा गेला.

'अमोशाच राहू दे मंग,' ते म्हणाले.
'त्या दिवशी हे सारेच येत असन.
याले एकट्याले कायले येगळं बोलवा?'

वाटी रिकामी झाली तरी बोटांत तशीच होती.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
'त्या नाव न ठेवलेल्या पोरीसाठी
थोडं दूध ठेवजो.'