छाट

नवी पेठेतल्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो
तेव्हा तिचं लिखाण बारदानी पिशवीतून यायचं,
विडी कारखान्याच्या हिशोबाचे पाठकोरे कागद.
उघडले की तंबाखूचा भपकारा,
आणि पहिल्याच ओळीत महाबळेश्वरचं धुकं.

राजमणी येमुल. मुखपृष्ठावर मात्र ‘नंदिता राजे’.
मालक म्हणाले, येमुल नावाची बाई
चांदण्यात रुसली तर गिऱ्हाइकाला पटायचं नाही.
ती म्हणाली, बरं.
आणि पैसे कुठल्या नावानं मिळणार?

सुरुवात तिनंच सांगितली, प्रुफं बघता बघता.
अशोक चौकामागच्या बोळात
बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या,
ही मोठ्यानं वाचायची. वाचनालयाचं पुस्तक, चार आणे रोज,
शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली.
बायकांचे हात थांबले : पुढं?
संध्याकाळपर्यंत हजार भरायच्या होत्या.
तिनं थाप मारली : डॉक्टर परत आला,
लंगडत, पण आला.
नरसम्मा अशी रडली की सुपातली तंबाखू ओली झाली.

मग एकशे बारा कादंबऱ्या.
एसटी स्टँडवर, दोरीला चिमटे लावून टांगलेल्या,
शेंगांच्या पुड्यांशेजारी.
‘प्रे’चे खिळे चौथ्या प्रकरणालाच संपायचे माझे,
मी निरोप धाडायचो : बाई, जरा कमी करा.
ती तिथं ‘माया’ घालून पाठवायची,
आणि वाचक लिहायचे, काय ती भाषा!

मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल घेऊन
ती नायिकांना शाली पांघरत बसे.
एकदा विचारलं, पोर्च म्हणजे घरात की बाहेर?
मलाही कुठं ठाऊक. म्हटलं, मधे.
त्यापुढच्या सगळ्या ताटातुटी पोर्चमध्ये झाल्या.

गिरणीचा भोंगा थांबला त्या साली
तिनं एकच निराळी लिहिली.
तो मागावर, कानानं अधू. ती विडीवाली.
खडखडाटात खुणांनी बोलतात,
आणि शेवटी काहीच होत नाही :
तो रात्रपाळीहून येतो,
तिनं कडक भाकरी आमटीत चुरून ठेवलेली असते.
मालकांनी चार पानं वाचली, पिशवी परत दिली.
‘छाट,’ ती म्हणाली,
चेकर अंगठ्यानं दाबून बाजूला फेकतो ती विडी.
‘छाटीचे पैसे नसतात, भाऊ.
पान आमचंच गेलेलं असतं.’

मी पहिलं पान आधीच जुळवलं होतं.
सुतळीनं बांधून ठेवलं, तसंच.

ऑफसेट आलं, शिसं किलोवर गेलं.
ती गेली तेव्हा पेपरात फोटो म्हणून
कुठल्याशा मुखपृष्ठावरची मुलगी छापली.

ते पान अजून कपाटात आहे. जड.
परवा नातीनं काढलं, म्हणाली, उलटं का हे?
आरसा धर, म्हटलं.
ती अडखळत वाचू लागली :
‘भोंगा झाला. तिनं पदराला हात पुसले आणि…’
तिथं चौकट संपते.
नात आरसा हलवून बघते, कडेला काही राहिलंय का.
पुढं?